वेगळ्या पिशवीतले ठोकळे

नातीचा वाढदिवस दसऱ्याच्या सुट्टीत येतो. हैदराबादच्या शाळांना तेव्हा लांबलचक सुट्टी असते, म्हणून वर्षातून एकदा तरी मुलगा-सून तिला घेऊन आमच्याकडे आदिलाबादला येतात. एरवी नात मला मोबाइलच्या काचेतच भेटते. तिच्या पाठीमागे एक मोठा निळा डबा दिसतो. त्यात तिचे प्लॅस्टिकचे ठोकळे असतात, एकमेकांत घट्ट बसणारे, ज्यांची घरं, गाड्या, किल्ले होतात. फोन लागला की ती डबा ओढत पुढे आणते आणि एकेक दाखवते. ही खिडकी पुण्याच्या आजीनं दिली, हे चाक मामानं, हा घोडा पुण्याच्या आजीनं, ही होडी पुण्याच्या आजीनं. मी "हो का? अरे वा" म्हणत बसते. आदिलाबादच्या आजीचं त्या डब्यात काही नव्हतं.

मला ते सलत होतं. विहीणबाईंच्या वरचढ व्हायचं होतं का? थोडं होतं, कशाला लपवू. पण खरं सांगायचं तर मला एवढंच हवं होतं की पोरीनं डब्यात हात घातला की कधीतरी माझ्याकडचा एखादा ठोकळा तिच्या हाताला लागावा.

सुनेला मी फोनवर विचारलं, या वर्षी वाढदिवसाला असलेच ठोकळे घेऊ का? ती म्हणाली, "आई, तुम्ही कशाला त्रास घेता? तिच्याकडे खूप झालेत. तुमचा आशीर्वाद असू द्या."

आशीर्वादाचं एक बरं असतं, तो ठेवायला घरात जागा लागत नाही. आदल्या वर्षी मी इथल्या बाजारातून एक बाहुली घेऊन दिली होती. ती पुन्हा कधी काचेत दिसली नाही. मी ठरवलं, ठोकळेच घ्यायचे, आणि असे घ्यायचे की कुणाला नाव ठेवता येणार नाही.

माझी सगळी नोकरी भीमपूरच्या बाजूला, महाराष्ट्राच्या सरहद्दीवरच्या मराठी शाळेत गेली. चिंचोके आणि काड्यापेट्या घेऊन मी पोरांना गणित शिकवलं आहे. त्यामुळे खेळण्याच्या किमतीच्या हिशेबाला भिणारी मी नव्हे. दुपारची जेवणं झाली की चष्मा लावून मोबाइल घेऊन बसायची. विहीणबाई ज्या कंपनीचे ठोकळे देतात ती जगात मोठी. खोका लांबून ओळखू येतो. त्यांच्या एका लहानशा खोक्याच्या पैशात दुसऱ्या कंपन्यांचे ढीगभर ठोकळे येत होते. आधी वाटलं, किमतीला नगांनी भागलं की झालं, ज्याचा नग स्वस्त तो घ्यावा. दोन दुपारी तसंच केलं. मग लक्षात आलं की इथेही बाजारच आहे.

कापसाच्या गाडीत वरचा कापूस पांढराशुभ्र असतो, म्हणून घेणारा कोपरापर्यंत हात आत खुपसून तळचा कापूस उपसून बघतो. तसं मी करायला लागले. एका खोक्यावर नग भरमसाट लिहिलेले, पण त्यात निम्मे टिकलीएवढे. फुलं, झेंडे, पानं, सगळी नगात मोजलेली. एकानं तर ठोकळे उचकटायची पट्टीसुद्धा नगात धरली होती. एकाच्या फोटोत घर एवढं मोठं की मूल मागे लपून जाईल. खाली बारीक अक्षरात लांबी-रुंदी दिलेली होती. मी वर्तमानपत्र त्या मापाचं कापून जमिनीवर ठेवलं. आमचा पोळपाट त्याहून मोठा निघाला. खोडलेल्या किमतीवर तर मी नजरच टाकायची नाही. जी किंमत कुणी कधी दिलीच नाही ती खोडायला काय जातं? लोकांचे शेरे वाचायचे तर आधी सगळ्यात वाईट वाचायचे, कारण खुशीत माणूस दोन शब्द लिहितो आणि संतापला की सगळं खरं सांगतो.

आमचे हे तहसीलमधून निवृत्त झालेत. अजून बोलतात ते जमिनीच्या पहाणी आणि मोजणीच्याच भाषेत. पलंगावरून म्हणाले, "काऊन येवढी डोळेफोड करून राह्यली? चार इटा घ्याच्या अन् मोकळं व्हाचं."

"तुमाले नाही समजत," मी म्हटलं. "स्वस्त नाही घ्याचं मले. बरोबरीचं घ्याचं हाये."

बरोबरी हा शब्द आमच्या घरात उगाच कुणी वापरत नाही.

शेवटी एक कंपनी सापडली. नाव कुणी ऐकलेलं नाही, पण नग मोठे, वजन भरपूर, भिंतींचे साधे ठोकळे जास्त आणि शोभेचा कचरा कमी. मोठ्या कंपनीच्या ठोकळ्यांत हे बसतात असं त्यांनी लिहिलं होतं. लिहायला काय, कोणी काही लिहितं. शितावरून भाताची परीक्षा करावी म्हणून आधी त्यांचं एक लहान पाकीट मागवलं. नातीनं मागे एकदा सोफ्यात विसरलेले दोन ठोकळे मी कपाटात जपून ठेवले होते, पुण्याच्या आजीचे. ते आणि हे जोडून बघितले. टचकन बसले. एका टोकाला धरून उचलले तर लोंबले नाहीत, सुटले नाहीत. यांना डोळे मिटायला लावले आणि एकेक हातात दिला, ओळखा म्हटलं. त्यांना ओळखता आला नाही. मग मी डोळे मिटले. मलाही आला नाही.

मग मोठा खोका मागवला. पार्सलवाला दारात उभा राहून "अम्मा, ओटीपी चेप्पंडी" म्हणाला तेव्हा आकडा सांगताना माझा आवाज चढला होता. त्यानं चमकून बघितलं.

वाढदिवसाला सकाळी बुद्धवंदना झाली, खीर झाली, संध्याकाळी केक. नातीनं खोका फाडला आणि ठोकळे सतरंजीवर ओतले. हैदराबादहून तिनं पुण्याच्या आजीचा नवा सेट आणला होता, तोही ओतला. आम्ही दोघी मांडी घालून बसलो. मी भिंती चढवत होते, ती दारं-खिडक्या बसवत होती. "आजी, विटा तुझ्या आणि खिडक्या पुण्याच्या आजीच्या," ती म्हणाली. घर उंच झालं. तिनं त्यावर गच्ची केली, गच्चीत घोडा उभा केला. मी त्या दिवशी सुखी होते. असं वाक्य लिहायची मला सवय नाही, पण होते.

सून मोबाइलवर फोटो काढत होती. सून वाईट नाही, हे आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही तिच्यावर घसराल. ती आमच्या समाजातली नाही. लग्नाला त्यांच्याकडची मोजकी माणसं आली होती आणि लवकर गेली होती. तरी ती माझ्या हातचं जेवते, यांच्या गोळ्या-औषधांची चौकशी करते, मला कधी उलटून बोललेली नाही. राग धरावा असं ती काही करत नाही, आणि त्याचाच मला कधी कधी राग येतो.

निघायच्या आदल्या दुपारी मुलगा दोन पिशव्या घेऊन सतरंजीवर बसला. घर मोडून ठोकळे एका पिशवीत हा आणि दुसऱ्या पिशवीत तो, असे टाकायला लागला.

"दोन पिशव्या काऊन रे?" मी विचारलं.

"मिक्स नको व्हायला, आई. मग वेगळे करता येत नाहीत."

लग्नाआधी तो मला माय म्हणायचा. आई कधीपासून म्हणायला लागला ते मला आठवत नाही, एक दिवस ऐकू आलं एवढं खरं.

"वेगळे कशाले कराचे? ते बसतात एकमेकांत. मी जोडून पाह्यले. तुझ्या बाबाले ओळखता नाही आले."

"बसतात गं. क्वालिटी चांगलीच आहे, मी कुठं नाही म्हणतो?" तो हसून म्हणाला. समजावणीच्या सुरात बोलत होता, मी वर्गातल्या मठ्ठ पोराशी बोलायची तसा. "पण कंपनीचे सेट जुने झाले तरी ऑनलाइन विकले जातात. काही तर नव्याहून महाग जातात. त्यात एक जरी दुसरा निघाला ना, तर घेणारा सगळ्यावरच संशय घेतो. मग व्हॅल्यू राहत नाही."

बाटतात, हा शब्द तो बोलला नाही. तो मी माझ्या मनानं घातला.

"विकाचे हायेत काय तुले?"

"नाही गं. पण व्हॅल्यू राहायला पाहिजे."

इतक्या दुपारी मी घातल्या. नग मोजले, वजन बघितलं, वर्तमानपत्रं कापली, पाकीट मागवून पारख केली. सगळ्या परीक्षांत माझे ठोकळे पास झाले. आणि आता कळलं की परीक्षा ती नव्हतीच. चांगले आहेत, पण वेगळे ठेवू. हे वाक्य मी जन्मभर ऐकत आले आहे, फक्त घरातल्या माणसाच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

आणि वेगळे करायची खूण काय, तर नाव. ठोकळ्याच्या डोक्यावर जे गोल उंचवटे असतात त्या प्रत्येकावर मोठ्या कंपनीचं नाव बारीक अक्षरात उठवलेलं असतं. चष्म्यातूनही मला ते नीट दिसत नाही. माझ्या ठोकळ्यांचे उंचवटे कोरे होते. मुलानं पोरीला शिकवलं, खिडकीच्या उजेडात धरायचं, थोडं तिरपं करायचं, नाव दिसलं तर या पिशवीत, नाही दिसलं तर त्या. पोर हुशार, पटकन शिकली. एकेक ठोकळा उजेडाला धरून एक डोळा मिटून बघत होती.

मी नोकरीवर रुजू झाले तेव्हा गावात खोली शोधत फिरले होते. मास्तरीण आली म्हणून लोक अदबीनं बसवायचे, पाणी द्यायचे, आणि मग विचारायचे, आडनाव काय म्हणालात? आडनाव सांगितलं की खोली नुकतीच कुणाला तरी दिलेली असायची. हे सगळं या मुलाला मी सांगितलेलं आहे. लहानपणी तो ऐकताना मुठी आवळायचा. आता त्याच्या हैदराबादच्या दारावरच्या पाटीवर नुसती नवरा-बायकोची पहिली नावं आहेत. पहिल्यांदा बघितली तेव्हा मी पाटीकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले, तर म्हणाला, "आजकाल असंच लावतात." त्याला घर भाड्यानं मिळवायचं असतं, पोरीला शाळेत मैत्रिणी हव्या असतात, हे मला कळत नाही असं नाही. पण स्वतःच्या दारावरचं नाव पुसणारा माणूस प्लॅस्टिकच्या ठोकळ्यावर नाव शोधत बसला होता, आणि ते मला बघवत नव्हतं.

"आजी, तुझ्यावर नाव का नाही?" नातीनं विचारलं. ठोकळ्याबद्दल विचारत होती.

"नाव नसलं तरी भिंत उभी राहिली की नाही आपली?"

"राहिली," ती म्हणाली. "पण बाबांनी नाव बघायला सांगितलंय."

पलंगावरून हे आमच्याकडे बघत होते. "काय, हद्द कायम करून राह्यले काय?" म्हणाले. मुलगा हसला. मी नाही हसले, आणि मला वाटतं यांनीही ते हसण्यासाठी म्हटलं नव्हतं.

"द्या इकडं, मीही लावते हात," म्हणून मी खाली बसले. त्यांची पिशवी माझ्याकडे ओढली. पुण्याच्या आजीची पांढरी खिडकी तिच्या चौकटीच्या लाल ठोकळ्यांसह अजून अखंड होती, मुलानं ती तशीच पिशवीत टाकली होती. त्यातला खालचा लाल ठोकळा मी काढला आणि माझा लाल ठोकळा तिथे दाबून बसवला. टचकन बसला. त्यांचा ठोकळा पदराला बांधला आणि खिडकी पिशवीच्या तळाशी सारली. हे मी पुरतं समजून-उमजून केलं. निळ्या डब्यात माझं काही जायचंच असेल तर असं जाईल, नाव न सांगता, पाटीवर आडनाव न लावणाऱ्या मुलासारखं. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही.

सकाळी सामान गाडीत भरताना माझ्या ठोकळ्यांची पिशवी कोपऱ्यात तशीच राहिली होती. मी ती उचलून सुनेला द्यायला गेले. तिनं माझा हात हातात घेतला.

"आई, हे इथेच असू देत ना. इथे आली की तिला खेळायला होतील. तिचेच आहेत, दुसरं कुणी हात नाही लावणार."

तिला यातलं काही ठाऊक नाही. तिला कसं ठाऊक असणार? लहानपणी मी आईबरोबर कापूस वेचायला जायची. मालकाच्या घराच्या वळचणीला कान तुटलेला एक कप खोचून ठेवलेला असायचा. आई तो स्वतः काढायची, अंगणात बसायची, मालकीण वरून चहा ओतायची. पिऊन झाला की आई तो विसळून परत वळचणीला खोचायची. एकदा मी घरात मांडलेल्या कपांकडे बोट दाखवलं, तर मालकीण अगदी मायेनं म्हणाली, "तुमचाच हाये तो, बाई. दुसरं कोनी हात नाही लावत त्याले." वाईट बाई नव्हती तीही. जाताना ओटीत शेंगा घालायची.

मी पिशवी परत आत नेली आणि कपाटावर ठेवली. गाडी गेली. यांनी चहा मागितला, मी केला. लाल ठोकळ्याचं मी यांनाही सांगितलं नव्हतं. पण रोज दुपारी आडवी झाले की त्याची आठवण यायची, आणि खोटं कशाला बोलू, गंमत वाटायची. एवढ्या मोठ्या निळ्या डब्यात, एवढ्या नाववाल्यांत, आमचा एक बसला आहे, खिडकीला खालून धरून, आणि कुणाला पत्ता नाही. तिथे त्याच्यामुळे कुणाचं काही बिघडलेलं नाही. मनात म्हणायची, दुसरा पुढच्या खेपेला.

दिवाळीच्या थोडं आधी काच पुन्हा उजळली. नात होती. मागे निळा डबा नव्हता.

"डबा कुठं गेला गं?" मी विचारलं.

"आतमध्ये आहे. आम्ही सगळे ब्रिक्स चेक केले. बाबा आणि मी. एकेक करून." तिनं मूठ काचेजवळ आणली आणि उघडली. "आजी, हा बघ, तुझा एक निघाला आमच्यात. खिडकीखाली होता. बसला होता ना, म्हणून कळलाच नाही. बाबांना दिसलं."

"बाबाची नजर चांगली आहे," मी म्हटलं.

"बाबा म्हणाले, चुकून आला असेल. तो वेगळा ठेवलाय. पुढच्या वेळी येताना आणते मी."

"आण," मी म्हटलं. मागे कुठेतरी मुलाचा आवाज येत होता, तो फोनवर आला नाही. चुकून असं तो पोरीला म्हणाला असेल. ठोकळे चुकून खिडकीखाली जाऊन बसत नाहीत, हे त्याला कळतं. त्याला मीच शिकवलं आहे.

फोन ठेवला. पलंगावरून यांनी विचारलं, "काय म्हनते नात?"

"मोजणी झाली म्हनते," मी सांगितलं. "आपला एक निघाला त्याइच्या हद्दीत."

यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. कपाटावरच्या पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे.